तांबी काढायची कुणी?

तांबी सरकारी दवाखान्यात फुकट बसते, म्हणजे ती बायकांना 'उपलब्ध' झाली, असं आपण धरून चालतो. मला हा हिशेब अर्धवट वाटतो.

कॉपर-टी ३८०ए दहा वर्षं चालते. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवता येते आणि काढली की लगेच दिवस राहू शकतात. नसबंदीतून परत फिरणं फार अवघड. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती, तांबी वापरणाऱ्या जेमतेम २ टक्के. (पुरुष नसबंदी ०.३ टक्के. त्यावर लिहायला बसले तर चिडूनच लिहीन.)

मग तांबीचा जोरात प्रचार करावा? करावा. पण एक गोष्ट मला खटकते. गोळी बाई मनात आलं की बंद करते. तांबी रोज आठवावी लागत नाही, हाच तिचा मोठा गुण. आणि त्याच गुणामुळे ती थांबवणं दुसऱ्याच्या हातात जातं.

माझ्या मावसबहिणीची तांबी काही मिनिटांत बसली. काढायला तीन खेपा लागल्या. अंगावरून फार जात होतं. पहिल्यांदा 'सवय होईल', दुसऱ्यांदा 'नवऱ्याला घेऊन ये', तिसऱ्यांदा डॉक्टर रजेवर. आता, पहिलं उत्तर वैद्यकीयदृष्ट्या चुकीचं नाही. सुरुवातीचा जास्त रक्तस्राव बऱ्याच जणींचा काही महिन्यांत कमी होतो, आणि हे तिला सांगायलाच हवं. पण ऐकूनही ती 'काढा' म्हणाली, तर सल्ला तिथे संपतो. त्यापुढे जे सुरू होतं त्याला मी अडवणूक म्हणते.

हे आपण आधी पाहिलंय. १९६५ मध्ये सरकारने लूप आणला, किती बसवायचे याची उद्दिष्टं वाटली आणि रक्तस्रावाच्या तक्रारींकडे काणाडोळा केला. थोड्याच वर्षांत लूप बदनाम झाला. बायका अडाणी होत्या म्हणून नाही. एकीचा त्रास दुसरीने पाहिला म्हणून.

आता काही जिल्ह्यांत दंडाच्या त्वचेखाली बसवायचं इम्प्लांट सरकारी दवाखान्यांतून मिळू लागलंय. ती बारीक कांडी काढायला छोटा छेद द्यावा लागतो. ती काढता येणारं माणूस ज्या दवाखान्यात नाही, तिथे ती बसवायला सुरुवातच करू नये, असं माझं मत आहे.