किनारा कुणाच्या हाती?

सप्टेंबरचा तिसरा शनिवार जगभर किनारा स्वच्छतेचा दिवस म्हणून पाळला जातो. 1986 साली अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर त्याची सुरुवात झाली. आपल्याकडे 2022 मध्ये केंद्र सरकारने ‘स्वच्छ सागर, सुरक्षित सागर’ ही मोहीम काढली. 75 दिवस आणि 75 किनारे अशी तिची आखणी होती. कोकणाला सप्टेंबरची ही तारीख सोयीची आहे. पावसाळाभर खवळलेल्या समुद्राने आणून टाकलेल्या बाटल्या, चपला, थर्माकोल आणि जाळ्यांचे तुकडे तेव्हा वाळूवर उघडे पडलेले असतात. शाळेतली मुले येतात, बँकांचे कर्मचारी येतात, तटरक्षक दलाचे जवान येतात. दोन-तीन तासांत पोत्यांची रांग लागते आणि वाळू पुन्हा दिसू लागते.

या श्रमांविषयी मला मनापासून आदर आहे. सातवीतल्या मुलीने स्वतःच्या हाताने वाळूतून दोरखंड उपसला, तर तिला समुद्राविषयी जे कळते ते कोणत्याही धड्यातून कळत नाही. माझा प्रश्न पोत्यांविषयी आहे. ती जातात कुठे? वाळूने माखलेले, खाऱ्या पाण्याने चिवट झालेले, शेवाळ धरलेले प्लास्टिक भंगारवाला घेत नाही. पोती नगरपरिषदेच्या ट्रॅक्टरवर चढतात आणि शहराबाहेरच्या कचरा डेपोवर रिकामी होतात. तो डेपो बहुधा एखाद्या ओढ्याच्या किंवा खाडीच्या कडेलाच असतो, आणि पुढच्या जूनमध्ये त्यातला बराचसा कचरा त्याच वाटेने समुद्रात परत जातो. जिथे कचरा वेगळा करण्याची सोय नाही, तिथे किनारा स्वच्छ करणे म्हणजे कचऱ्याला एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवणे. हे कटू वाटेल, पण लहान किनारी शहरांमधल्या कितीतरी पर्यावरण उपक्रमांचे वास्तव हेच आहे.

म्हणून मला वाटते, उपक्रमाला किती लोक आले, किती किलो कचरा निघाला हे मोजून आपण चुकीची गोष्ट मोजतो आहोत. दुसऱ्या दिवशी ते काम कुणाचे आहे, त्याचा मोबदला कुणाला मिळतो आणि त्याविषयी निर्णय कोण घेतो, हे पाहिले पाहिजे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातले वेंगुर्ला हे या दृष्टीने नीट समजून घेण्यासारखे शहर आहे. डचांच्या काळातली वखार, बंदर, दीपगृह, मांडवी खाडी आणि साधारण बारा हजारांची वस्ती. 1876 साली स्थापन झालेली इथली नगरपरिषद कोकणातल्या जुन्या नगरपरिषदांपैकी एक. 2015 च्या सुमारास रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी म्हणून आले, आणि त्यांनी सुरुवात किनाऱ्यापासून न करता स्वयंपाकघरापासून केली. ओला, सुका, प्लास्टिक आणि काच-धातू असा कचरा घरातच वेगळा करून द्यायचा, मिसळलेला कचरा घंटागाडीने घ्यायचाच नाही. पातळ पिशव्यांवर दंड बसू लागला. राज्याची प्लास्टिकबंदी यायला 2018 उजाडले, त्याच्या आधीची ही गोष्ट. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यापासून वीज, पालापाचोळ्यापासून कांडी कोळसा, प्लास्टिकचा चुरा करून तो डांबरी रस्त्यांत, अशी मांडणी उभी राहिली. जो डेपो नाकाला पदर लावून ओलांडायचा, त्या जागेला ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ असे नाव मिळाले आणि माणसे तिकीट काढून तिथे येऊ लागली.

या कहाणीत सर्वांना अधिकाऱ्याचे कर्तृत्व दिसते, आणि ते आहेच. पण मुख्याधिकाऱ्यांच्या बदल्या होतात. कोकरेही पुढे कर्जत, माथेरान, कल्याण-डोंबिवली असे गेले. एका माणसाच्या उत्साहावर उभी राहिलेली कामे त्याच्या निरोप समारंभाबरोबरच संपलेली आपण पुष्कळ पाहिली आहेत. वेंगुर्ल्यात तसे झाले नाही, याचे कारण मला असे दिसते की ते काम तोवर घराघरांतल्या बायकांच्या हातवळणी पडले होते. माशाचे खवले एका बादलीत आणि दुधाची पिशवी धुऊन दुसरीकडे, हे रोज सकाळी कुणीही न सांगता होऊ लागले, तेव्हाच तो उपक्रम शहराचा झाला. ओटी झाडावी किंवा खिडक्या पुसाव्यात इतके साधे आणि कुणाच्या टाळ्यांची वाट न पाहणारे ते काम होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हा नवा भार मुख्यतः बायकांवर आणि सफाई कामगारांवर पडला. आपल्या समाजाने झाडण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून ठरवले. आजही बहुतेक नगरपरिषदांत जे हात कचरा उचलतात, ते कोणत्या वस्त्यांमधून येतात हे आपल्याला ठाऊक असते. आता त्यात कंत्राटदार आला आहे. पगार उशिरा होतात, हातमोजे मिळतात आणि फाटले की दुसरे मिळत नाहीत. वर्षातून एकदा झाडू हातात घेणाऱ्याचा फोटो छापून येतो, आणि रोज झाडणाऱ्याला त्या कार्यक्रमात सतरंजी घालायला बोलावले जाते. ज्या स्वच्छता सोहळ्यात त्या शहराच्या सफाई कामगाराला मंचावर खुर्ची नाही, तो सोहळा पर्यावरणाचाही नाही, असे माझे मत आहे. वेंगुर्ल्यातल्या डेपोवर काम करणाऱ्या माणसाला पाहुण्यांसमोर उभे राहून आपले काम समजावून सांगता आले. मला या शहराची ही कमाई विजेच्या युनिटांपेक्षा मोठी वाटते.

त्याच शहरात मांडवी खाडीत दुसरे एक काम उभे राहिले. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गात किनारी जैवविविधतेचा एक प्रकल्प चालला होता. त्यातून मच्छीमार कुटुंबांतल्या बायकांच्या ‘स्वामिनी’ बचतगटाने कांदळवन सफारी सुरू केली. या बायका होडी वल्हवत पाहुण्यांना खाडीत नेतात. तिवर कुठला, कांदळ कुठला, पांढरी चिप्पी कशी ओळखायची, मुळे चिखलातून वर का येतात, हे सांगतात. पांढरी चिप्पी 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, पण तिची खरी ओळख ज्यांना होती त्या या बायकाच. तिसऱ्या आणि कालवे काढायला त्या याच चिखलात उतरत आल्या आहेत. फरक एवढाच पडला की त्यांच्या माहितीला आता दाम मिळतो. आणि ज्या खाडीतून घरात पैसा येतो, तिच्यात कुणी भराव घालू लागले तर पहिला आवाज तिथूनच उठतो. पावसाळ्यात सफारी बंद असते, उत्पन्न हंगामी आहे, त्यावर संसार चालत नाही. तरीही, खारफुटी वाचवण्यासाठी न्यायालयाचे आदेश जितके लागतात तितकीच ही होडीसुद्धा लागते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचा धडा याहून जुना. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने 2002 पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला घेतली आणि 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला. अंडी चोरणाऱ्यांना पकडण्याचा सोपा मार्ग तिथे होता. तो सोडून संस्थेने घरट्यांची माहिती असलेल्या गावकऱ्यांनाच राखणदार केले. मादी कुठे चढते, पावलांच्या खुणा कशा वाचायच्या, हे ज्यांना येत होते त्यांनीच अंडी हॅचरीत हलवली, आणि पिल्ले पाहायला येणारे पाहुणे गावातल्या घरांमध्ये उतरू लागले. आता किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांनी हे उचलले आहे. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीतही कासवांचा उत्सव भरला.

याच्या उलट उदाहरण फार लांब नाही. 1987 मध्ये मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झाले, सुमारे 29 चौरस किलोमीटरचे. तिथल्या प्रवाळांचे आणि समुद्री जीवांचे महत्त्व कुणी नाकारले नाही. पण ज्यांच्या होड्या त्या पाण्यात रोज जातात त्यांना विश्वासात न घेता ते आले, म्हणून मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षे विरोध केला आणि अभयारण्य बरेचसे नकाशावरच राहिले. वेळासला ज्यांच्या हाती काम दिले आणि मालवणला ज्यांना वगळले, ती एकाच किनाऱ्यावरची माणसे आहेत.

रापणीचा विचार मला याच संदर्भात वारंवार येतो. पहाटे होडीने समुद्रात टाकलेले जाळे दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढायचे, ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा द्यायचा. इतका जिवंत सामूहिक प्रसंग किनाऱ्यावर दुसरा नाही. पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीने रापणकरांना आज जवळजवळ संपवत आणले आहे. केंद्राने 2017 मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली, तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतोच, अशी त्यांची तक्रार असते. रापणीला मोकळी, स्वच्छ वाळू लागते. जाळ्यात मासळीबरोबर येणारे प्लास्टिक रापणकर रोज हाताने वेगळे करतो आणि तिथेच टाकून देतो, कारण ते घेऊन जायला कुणी नसते. केरळात कोल्लमजवळच्या नींडकरा बंदरात 2017 मध्ये ‘शुचित्व सागरम्’ योजना सुरू झाली. मच्छीमार जाळ्यात आलेले प्लास्टिक बंदरावर आणतात, मच्छीमार कुटुंबांतल्या बायका ते धुऊन, निवडून त्याचा चुरा करतात आणि तो रस्त्याच्या कामाला जातो. हे मालवणात, वेंगुर्ल्यात, दापोलीच्या हर्णैला का होऊ नये? आपल्या राज्यात जाळ्यात अडकलेले कासव किंवा देवमासा सोडण्यासाठी जाळे कापावे लागले तर मच्छीमाराला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही योजना उत्तम आहे. तिचा अर्थच असा की समुद्र राखण्याचे काम मच्छीमार करतो आणि त्या कामाची किंमत सरकार मान्य करते. मग प्लास्टिकसाठी तसे करायला अडचण कसली?

कुणी म्हणेल, मग उत्सव आणि कार्यक्रम हवेतच कशाला? ते हवेतच. नारळी पौर्णिमेकडे पाहा. सोन्याचा मुलामा दिलेला नारळ, ढोल, गर्दी हे सगळे एका दिवसाचे, पण त्यामागे पावसाळाभर होडी वर ओढून ठेवण्याचा नियम होता. मासळीच्या विणीचा काळ राखला जाई, आणि सण त्या शिस्तीचा शेवटचा दिवस असे. आज कायद्याने बंदी 1 जून ते 31 जुलै आहे. पौर्णिमा बहुतेक वर्षी ऑगस्टमध्ये येते, आणि तोवर यांत्रिक नौका केव्हाच समुद्रात गेलेल्या असतात. नारळ अजून वाहिला जातो. पारंपरिक मच्छीमार बंदीचा काळ वाढवा असे मागतात, ती मागणी मला योग्य वाटते. सणामागचा नियम गेला की सण नुसता दिसण्यापुरता उरतो, आणि पर्यावरणाचे नवे कार्यक्रम तर नियमाशिवायच जन्माला येतात.

जत्रेचे तसेच आहे. सिंधुदुर्गातल्या कुठल्याही गावाची जत्रा एका रात्रीत उरकते, दशावतार पहाटेपर्यंत चालतो, पण पालखी कुणी उचलायची, तेल कुणी घालायचे, मांडव कुणी घालायचा हे वर्षभर आधीपासून ठरलेले असते. गावऱ्हाटीने, म्हणजे गावाच्या परंपरागत रीतीने, ही कामे जातीवरून वाटली, अपमानाची कामे विशिष्ट घरांच्या माथी मारली, आणि ती वाटणी मोडलीच पाहिजे. मात्र काम ठरलेल्या हातात असणे, दरवर्षी त्याच तारखेला होणे आणि न झाल्यास सर्वांसमोर विचारणा होणे, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे. शाळेने एक ओढा घ्यावा, रापण संघाने वाळूचा एक पट्टा, बाजारातल्या व्यापाऱ्यांनी मासळी बाजारामागचे गटार. त्यांना त्यासाठी पैसे आणि अधिकार मिळावेत आणि सप्टेंबरात त्यांनी वर्षाचा हिशेब द्यावा. मग त्या दिवशी ढोलही वाजू देत.

यात नगरपरिषदेची जागा कुणी घेऊ शकत नाही. गेल्या काही वर्षांत राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर दीर्घकाळ प्रशासक होते. प्रश्न विचारायला नगरसेवकच नव्हता, तेव्हा सुजाण नागरिकांनी स्वतः झाडू उचलला, रोपे लावली. त्यांनी चूक केली नाही. पण त्यामुळे कर भरणाऱ्या माणसाने हिशेब मागण्याची सवय मोडली, आणि जे काम नगरपरिषदेचे कर्तव्य होते ते हौशी मंडळांचे पुण्यकर्म होऊन बसले.

फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रत्येक नगरपरिषद आपला अर्थसंकल्प मांडते. तो कागद मागायचा तुम्हाला हक्क आहे. किनाऱ्यावरच्या शहरात राहत असाल तर यंदा तो मागा. घनकचऱ्यासाठी किती रक्कम ठेवली आहे, त्यातली कंत्राटदाराकडे किती जाते आणि कामगाराच्या हातात किती पडते, कचरा निवडायला शेड आहे का, किनाऱ्यावरून उचललेल्या प्लास्टिकसाठी वेगळी तरतूद आहे का, हे वाचा. तरतूद नसेल तर आपल्या मंडळाच्या लेटरहेडवर, मच्छीमार सोसायटीची आणि सफाई कामगारांची सही घेऊन, ती मागणारे पत्र नगराध्यक्षांना द्या आणि त्याची पोच घ्या.