गोचीड कुणाची?

पोट भरलं की गोचीड जनावराच्या अंगावर थांबत नाही. टम्म फुगते, गळून पडते आणि भिंतीच्या फटीत जाऊन हजारोंनी अंडी घालते. कुत्र्याला धरणारी तांबूस गोचीड तर जन्मात तीनदा अंगावर चढते. रक्त प्यायचं, उतरायचं, कात टाकायची, पुन्हा चढायचं. मधले महिने उपाशी काढायची तिची तयारी असते. कुत्र्याच्या कानात दिसतात त्या थोड्या. बाकीच्या आपल्याच घरात, दाराच्या चौकटीत. गुराढोरांत वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

आमचं गाव खाडीकाठचं. 1970 साली सिडको आली आणि नव्या शहरासाठी 95 गावांची जमीन घेतली गेली, त्यात आमचंही. भातखाचरं गेली, मिठागरं गेली, गावठाण तेवढं राहिलं. त्याआधी दारापुढे गोठा होता. कोंबड्या गाईच्या पायांत फिरून गोचिडी टिपायच्या, बगळे पाठीवर बसायचे. उरलेल्या आजी दुपारी काढायची. कासेजवळची, शेपटीखालची एकेक ओढून चुलीत. भुई सारवताना भेगा शेणामातीनं बुजवायच्या, तिन्हीसांजेला निंबाच्या पाल्याचा धूर करायचा. कुत्री कुणा एकाची नव्हती, आळीची होती. शेजारची काकी एकदा कुरकुरली, कुत्र्यानं ओटीवर गोचिडी आणल्या म्हणून. आजी म्हणाली, "कुत्रा राखन करतो तवा आपला ना? मंग गोचीड पन आपलीच."

जुनं ते सगळं सोनं होतं असं मी म्हणणार नाही. गोचीडतापानं गुरं मरत. लोक गॅमेक्सिनची विषारी पावडर नुसत्या हातानं म्हशीला चोळत आणि तसेच भाकरीला बसत. पण जनावराच्या अंगावर काय आहे याची जबाबदारी कुणाची, हा वाद मी गावात फारसा ऐकला नाही. तो ऐकला गावाला लागून उभ्या राहिलेल्या सोसायटीत.

तिथल्या एका लहान मुलाच्या कानामागे गोचीड सापडली. सभा बोलावली गेली. तासभरात ठरलं की दोष गेटजवळच्या चार कुत्र्यांचा, आणि त्यांना भात घालणाऱ्या बाईचा. "कुत्री उचलून न्यायला सांगा," एक काका म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या घरात लॅब्रॅडॉर होता. तो सकाळ-संध्याकाळ त्याच गेटमधून, त्याच गवतातून जायचा. पण तो पाळलेला, आणि ती भटकी. गोचिडीला हा भेद कळत नाही. ती पट्टा बघून चढत नाही.

ज्याच्या अंगावर ती बसली त्यालाच गुन्हेगार धरायचं, ही आपली फार जुनी खोड आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात होता. गोरे सोजीर घरात घुसत, सामान बाहेर फेकत, माणसांना छावणीत नेत. त्याच संतापात 22 जून 1897 ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे पॉल-लुई सिमोंनं 1898 मध्ये कराचीत दाखवलं. तोवर संशय माणसांवर, त्यांच्या वस्तीवर. आणि आपल्या सिंधुदुर्गात 2016 पासून ऐकू येणारा माकडताप घ्या. नाव माकडाचं, काम गोचिडीचं. माकडं बिचारी त्या तापानं स्वतःच मरतात.

दोष देणं स्वस्त पडतं, हे त्याचं खरं कारण असावं. दोष दिला की फट बुजवावी लागत नाही.

सभेत आणखी एक प्रश्न निघाला, तो मला जास्त अवघड वाटला. पहिल्या मजल्यावरचे एक जैन गृहस्थ म्हणाले, "गोचीडही जीवच आहे. तिला कुणी मारायचं?" काहीजण हसले. मला हसू आलं नाही. तिला जगायला रक्त लागतं, त्यात तिचा दुष्टपणा काही नाही. पण गोचीडतापानं नाकातून रक्त येणारा, उठता न येणारा कुत्रा मी पाहिला आहे. त्याच्यासमोर बसून दोन्ही जीव सारखे, असं मला म्हणता येत नाही. मारावं लागतं. मात्र मारताना ते पुण्य आहे असा आव आणू नये. आजी चुलीत टाकताना 'बरं झालं' असं कधी म्हणाली नाही.

मग कामाला लागलो. गवत कापलं, भिंतीच्या भेगा सिमेंटनं भरल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी वजनाप्रमाणे गोळ्या दिल्या, गेटवरच्या चौघांना आणि लॅब्रॅडॉरलाही. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं औषध मांजराला लावू नका, हे त्यांनी दोनदा बजावलं; त्यातल्या परमेथ्रिननं मांजर मरतं. माणसाला चिकटली तर काडी पेटवायची नाही, रॉकेल ओतायचं नाही. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, आणि पुढे ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं सांगायचं.

भटक्या कुत्र्यांची नसबंदी करून, लस टोचून त्यांना होतं तिथेच परत सोडायचं, असं 2023 चे नियम सांगत होते. त्यांच्या अंगावरच्या गोचिडींचा खर्च कुणी करायचा, हे काही त्या सभेत ठरेना. वर्गणी काढली. जैन गृहस्थांनी पैसे दिले, पण गोळ्यांसाठी नको, भेगा भरायला वापरा म्हणाले. लॅब्रॅडॉरवाले काका अजून म्हणतात, माझा कुत्रा माझा, बाकीच्यांचं मी का देऊ. दर महिन्याला गोळीची वेळ आली की ती भात घालणारी बाई वही घेऊन त्यांच्या दाराशी जाते.