वाळूच्या दांड्यावरील सायंसंध्या

पंचांगातील तिथी केवळ व्रतवैकल्यांसाठी नसते. समुद्रही तिथी पाळतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास आपल्या किनाऱ्यावर दुपारी उधाणाची भरती येते व सायंकाळी खोल ओहोटी लागते; अष्टमीस नेमके उलट. म्हणून मालवण तालुक्यातील देवबाग येथे, कर्ली नदीच्या मुखाशी ओहोटीत उघडा पडणारा वाळूचा दांडा सूर्यास्तसमयी पाहावयाचा, तर तिथी पाहूनच होडीत बसावे लागते. माघी पौर्णिमेस आम्ही काही तरुण कॅमेरे घेऊन तेथे गेलो होतो.

सूर्यबिंब क्षितिजास टेकल्यापासून बुडेपर्यंत जेमतेम सव्वादोन मिनिटे लागतात. सायंसंध्येचे अर्घ्य सूर्य दिसत असतानाच देणे उत्तम, असे शास्त्र सांगते. मग त्या अवधीत ओंजळ भरावी की चित्र घ्यावे? आमच्यातील काहींनी कॅमेरा गळ्यात सोडून ओंजळ भरली. काहींनी चित्रे घेतली. त्यांस आम्ही दोष देत नाही. प्रकाशाची वाट पाहत जो तासभर निश्चळ उभा राहतो, त्याचे चित्त एकाग्रच झालेले असते. परंतु स्वतःची छबी टिपण्यासाठी सूर्याकडेच पाठ करून उभे राहावयाचे, हे आम्हांस रुचत नाही. देवळात गाभाऱ्याकडे पाठ करून आपण उभे राहतो काय?

इतक्यात नाखव्याने हाक दिली. “आणखी एकच चित्र,” एकाने विनविले. नाखव्याने पूर्वेकडे बोट दाखविले, “चंद्र इलो, आता पाणी थांबूचा नाय.” आम्ही निमूटपणे होडीत चढलो, तोवर पाणी घोट्यांपर्यंत आले होते.