चालायला जागा

३१ मे २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने कोविडचा लॉकडाऊन सैल करणारा ‘मिशन बिगिन अगेन’चा आदेश काढला. ३ जूनपासून पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळेत समुद्रकिनारे, मैदाने, बागा, टेकड्या अशा मोकळ्या जागी लोकांना चालता, पळता आणि सायकल चालवता येईल, असे त्यात होते. घोळका करायचा नाही आणि लहान मुलांबरोबर मोठे माणूस हवे, अशा अटीही होत्या. नेमके ३ जूनलाच निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकले आणि मुंबईकरांची किनाऱ्यावरची फेरी आणखी लांबली. तो कागद आज पुन्हा वाचताना जाणवते ते असे, की चालणे ही इतकी साधी गोष्ट परवानगीच्या यादीत आली तेव्हा कुठे आपल्याला कळले, की ती कधीच सगळ्यांना सारखी मिळालेली नव्हती.

कोविडच्या त्या दोन वर्षांविषयी आपण बोलतो तेव्हा जिद्दीच्या गोष्टी सांगतो. अमक्याने घरात राहून वजन उतरवले, तमक्याने योगासने शिकून घेतली, कुणी सायकल काढली. त्या जिद्दीला माझा सलाम आहे. पण कोण हिंडते-फिरते राहिले आणि कोण अंथरुणाला लागले, कुणाचे मन थाऱ्यावर राहिले आणि कुणाचे कोमेजले, हे जिद्दीवर जेवढे ठरले त्याहून कितीतरी जास्त वाट्याला आलेल्या जागेवर आणि सोबतीवर ठरले, असे माझे ठाम मत आहे. हे नीट समजून घेतले नाही तर पुढच्या साथीतही आपण लोकांना फक्त उपदेशच करत बसू.

१९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुमजली बसवरच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. दोघांचा पगार, वस्ती, राहणीमान साधारण सारखेच. तरी हृदयविकार कंडक्टरांत कमी आढळला आणि जडला तरी उशिरा जडला. यातला एकही कंडक्टर व्यायाम करत होता म्हणून तगला नाही. त्याच्या कामातच जिना होता.

आपल्याकडे लाखो माणसांचा असा जिना म्हणजे लोकल. रोज ७५ लाखांहून जास्त माणसे जिच्यातून जात, ती मुंबईची लोकल २२ मार्च २०२० च्या रात्री थांबली आणि १५ जूनला सुरू झाली तीही फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. दादरचा पूल, कुर्ल्याचा जिना, घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस हे चालणे, परतताना भाजीसाठी मंडईतून मारलेला फेरा, हे सगळे एका रात्रीत गेले. याला कुणी व्यायाम म्हणत नव्हते, उलट ‘प्रवासात जीव जातो’ असेच म्हणत होते. त्या प्रवासाचे गोडवे मला गायचे नाहीत, त्या गर्दीत खरोखरच जीव गेलेले आहेत. पण शरीराला त्यातून जे मिळत होते ते गेले, आणि त्याच्या जागी काय आले? बिछान्यापासून लॅपटॉपपर्यंतची चार पावले.

शरीर किती झटपट विसरते याचा एक पुरावा अमेरिकेतल्या डॅलसमधला आहे. १९६६ मध्ये तिथे विशीतल्या ५ निरोगी तरुणांना ३ आठवडे पूर्णपणे बिछान्यावर झोपवून ठेवले. ३० वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाचजणांना पुन्हा तपासले. श्रम करण्याची त्यांची ताकद ३० वर्षांच्या वयाने जेवढी घटली होती, त्यापेक्षा त्या ३ आठवड्यांत जास्त घटली होती. आपला पहिला देशव्यापी लॉकडाऊनही २१ दिवसांचाच होता. घरात बसणे म्हणजे सक्तीने झोपून राहणे नव्हे, हे उघड आहे. पण पासष्टीपुढच्यांना घरातच राहायला सांगितले गेले ते त्यानंतरही महिनोन्‌महिने. ज्यांचा दिवस सकाळच्या कट्ट्याने सुरू होत होता, ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीने आणि देवळाच्या पायरीने सरत होता, त्यांचे गुडघे धरले, तोल जाऊ लागला, नावे आठवेनाशी झाली. ‘वय झालं’ म्हणून आपण ते सोडून दिले. मला नाही वाटत ते सगळे वयाने झाले.

टीव्हीवर, मोबाइलवर घरच्या घरी व्यायामाचे धडे तर धो धो येत होते. त्यातले पुष्कळसे चांगले होते. सूर्यनमस्कार तर आपल्या मातीतलेच. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळाशाळांतून ते घालायला लावले, त्यावर पुस्तके लिहिली. सतरंजीएवढी जागा, साधन काही नको, खर्च काही नको. पण सतरंजीएवढी जागासुद्धा मोकळी हवी ना! चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पलंग, कपाट, मोरी, ओटा आणि पाच-सहा माणसे, त्यातल्या एकाची ऑनलाइन शाळा आणि एकाची रात्रपाळी. तिथे साष्टांग नमस्काराला आडवे व्हायचे तर दोघांनी उठून गॅलरीत जायचे. धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरच्या त्या वस्तीत आठ लाखांच्या वर माणसे राहतात आणि बहुतेकांना सकाळी सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत उभे राहावेच लागते. ‘घरातच थांबा, अंतर ठेवा, रोज अर्धा तास चाला’ या तीन सूचना त्यांनी एकत्र कशा पाळायच्या?

आमच्या सोसायटीत गच्ची आहे, तीही ऐसपैस. लॉकडाऊन लागताच तिला कुलूप लागले. कारण साधे होते: गर्दी होईल. किल्ली सेक्रेटरींकडे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे नुकतेच गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते. त्या बिचाऱ्या जिन्याच्या दोन टप्प्यांमधल्या चौकात, भिंतीला हात लावून, इकडून तिकडे चालत. पुढे काही जणांनी एकत्र येऊन विंगवार वेळा लावल्या, कागद चिकटवला आणि कुलूप निघाले. गच्चीवर फारसा कुणी नियम मोडला नाही. माणसे एकमेकांपासून लांब, पण एका तालात गोल गोल चालत होती, आणि इतक्या वर्षांत ज्यांची नावे ठाऊक नव्हती त्यांच्याशी लांबूनच बोलत होती. काकू आल्या की कुणीतरी खुर्ची सरकवून ठेवी. काकूंना चालण्याइतकाच आधार त्या खुर्चीचा होता.

घरकाम हाच व्यायाम, असेही तेव्हा हिरीरीने सांगितले गेले. त्याचा मला राग आला होता, अजूनही येतो. सोसायट्यांनी मोलकरणींना दारातून परत पाठवले, बऱ्याच घरांनी त्यांचा पगारही कापला. इकडे घरातल्या बाईच्या वाट्याला झाडू, फरशी, भांडी, तीन वेळचा स्वयंपाक आणि मुलांची शाळा हे सगळे आले. तिला हालचाल नव्हे, विसावा कमी पडत होता. पुरुषांनी झाडू हातात घेतल्याचे कौतुक पुष्कळ झाले. मग ऑफिसे उघडली आणि किती घरांत तो झाडू परत बाईकडे गेला, हे ज्याचे त्याने आठवावे.

आणि काही माणसांना तर चालण्यापासून सुटकाच नव्हती. राज्यातल्या जवळपास सत्तर हजार आशा कार्यकर्त्या घरोघर फिरून ताप, खोकला, ऑक्सिजन तपासत होत्या. पाड्यापाड्यांवर, उन्हात, पावसात, तुटपुंज्या मानधनावर. परप्रांतातले मजूर तर रस्ताच धरून निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून रुळांच्या कडेने चालत ते भुसावळकडे निघाले होते, तिथून मध्य प्रदेशात आपल्या गावी जायची गाडी मिळेल या आशेने. गाड्या बंद आहेत असे समजून, दमून, रुळांवरच झोपले. ‘साथीच्या काळात सक्रिय राहा’ असे कुणी म्हटले की मला ते रूळ आठवतात. गच्चीवरची आमची फेरी आणि त्यांची पायपीट या एकाच महिन्यातल्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींत पाय तेवढे सारखे होते.

दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, चालण्याला आणखी एक अर्थ आला. खाटा मिळत नव्हत्या, ऑक्सिजन मिळत नव्हता, आणि घरी असलेल्या रुग्णाला कधी हलवायचे हे ठरवायला आरोग्य विभागाने सहा मिनिटे चालण्याची चाचणी करायला सांगितले. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा पाहायचा. मग तो तसाच ठेवून घरातल्या कडक, सपाट फरशीवर ६ मिनिटे चालायचे, जिन्यावर नाही, फार भरभर नाही, फार हळूही नाही. आकडा ९३ च्या खाली गेला, किंवा आधीपेक्षा ३ टक्क्यांहून जास्त उतरला, किंवा धाप लागली, चक्कर आली, तर दवाखाना गाठायचा. साठीपुढच्यांना ३ मिनिटे पुरे.

माझ्या मेव्हण्याची ती चाचणी मी व्हिडिओ कॉलवर पाहिली. तो हॉलमध्ये बाल्कनीच्या दारापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत चालत होता, पट्टीच्या चपला घालून, तर्जनी पुढे धरून, जणू बोटावर भरलेला चमचा तोलतोय. बहीण दाराबाहेरून मास्क लावून मिनिटे मोजत होती. ९६, ९५, ९५, ९४. तिसऱ्या मिनिटाला तो भिंतीला टेकला आणि आम्ही सगळे गप्प झालो. ‘काही नाही, चपलेचा अंगठा निघाला,’ म्हणाला आणि पुन्हा चालू लागला. आकडा ९४ वर राहिला. त्या रात्री घरात सगळे जेवले.

त्याच्या हॉलची लांबी पंधरा फूट असेल. मला पुढे कितीतरी दिवस हेच सुचत होते, की एवढा हॉल नसता तर? ही चाचणीसुद्धा चालायला जागा आहे हे गृहीत धरते. एका खोलीत सहाजण असतील तर आजारी माणसाने सहा मिनिटे कुठे चालायचे? चाळीच्या गॅलरीत जावे तर शेजाऱ्यांना लागण, खोलीत चालावे तर दोन पावलांवर भिंत. जीव वाचवणारा इतका स्वस्त आणि सोपा उपायसुद्धा जागेपाशी येऊन अडतो.

सोबतीचे तसेच. माझी आत्या सत्तरी ओलांडलेली, आयुष्यभर आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालत गेलेली. २०२० मध्ये पायी वारी झाली नाही. आषाढी १ जुलैला होती, आणि आदल्या दिवशी पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या. अडीचशे किलोमीटरची वाट काही तासांत सरली. आत्या त्या दिवसांत रोज पहाटे अंगणात फेऱ्या मारी, टाळ हातात घेऊन. पहिले काही दिवस नेटाने, मग कमी, मग बंद. मी फोनवर म्हटले, ‘आत्या, अंगण मोठं आहे, चालत राहा.’ ती म्हणाली, ‘अरे, एकटीनं चालून पाय दुखतात. दिंडीत कधी दुखले नाहीत.’ मग गावातल्या तिच्या दिंडीतल्या चौघींनी ठरवून, ज्या त्या आपापल्या अंगणात, एकाच वेळी हरिपाठ म्हणत चालायला सुरुवात केली. फोन ओट्यावर ठेवलेला, आवाज मोठा केलेला. एकादशीपर्यंत त्यात खंड पडला नाही.

आता थोडा मागचा इतिहास, कारण त्याचे ऋण आपण विसरलो आहोत. २०२० मध्ये आपल्याला घरात बसवले गेले ते ज्या कायद्यांच्या आधाराने, त्यातला एक १८९७ चा साथरोग कायदा. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, त्यानंतर काही महिन्यांत हा कायदा झाला. पुण्यात त्याच प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रँडच्या अत्याचारांची हकिगत आपण शाळेत शिकतो. पण त्या साथीतून आणखी एक गोष्ट निघाली: १८९८ मधला बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. दाट वस्त्यांत हवा आणि उजेड नाही म्हणून रोग माजतो, असे तेव्हाचे निदान. पिसू आणि उंदीर यांचा हात नंतर कळला. निदान अपुरे होते, तरी त्यातून समुद्राची हवा शहरात शिरावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट निघाला, सँडहर्स्ट रोड निघाला, दादर-माटुंग्याची आखीव वस्ती आणि तिथली पाच बागांची जागा राहिली, कामगारांसाठी बीआयटी चाळी उभ्या राहिल्या. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले.

ट्रस्टचा हिशेब स्वच्छ नव्हता. गरिबांची घरे आधी पाडली, नवी पुरेशी बांधली नाहीत, आणि हुसकलेली माणसे शेजारच्या चाळींत आणखी दाटीने कोंबली गेली. आज दादर-माटुंग्याच्या बागांत सकाळी जे हजारो जण चालतात, ते त्या प्लेगचे आणि त्या पाडलेल्या घरांचे ऋण वापरतात.

मग कोविडने आपल्या शहरांना काय दिले? मोठमोठी कोविड केंद्रे उभी राहिली आणि उठली. ऑक्सिजनचे प्रकल्प आले, त्यांची गरज होतीच. पण मोकळी जागा? मुंबईत सार्वजनिक बागा-मैदाने माणशी दीड चौरस मीटरसुद्धा भरत नाहीत, म्हणजे ज्या सतरंजीवर सूर्यनमस्कार घालायचे तेवढीच. महालक्ष्मी रेसकोर्सच्या १२० एकरांवर उद्यान करायचे ठरले आहे, आणि ते व्हावेच. पण धारावीतल्या आजीला, मानखुर्दच्या मुलाला घरापासून पाच मिनिटांत पाय मोकळे करता आले पाहिजेत. त्यासाठी जमीन विकत घ्यायचीही सगळीकडे गरज नाही. महापालिकेच्या शाळांची मैदाने शाळा सुटल्यावर कुलूपबंद असतात, ती संध्याकाळी उघडता येतील. विकास आराखड्यात मैदान म्हणून दाखवलेल्या किती भूखंडांवर आज गोदाम, पार्किंग, झोपड्या किंवा नुसता राडारोडा आहे, हे प्रत्येक वॉर्डात विचारता येईल. पदपथावरच्या मोटारसायकली हलवता येतील, आणि दर शंभर पावलांवर एक बाक टाकता येईल, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या काकू स्वतःच्या पायाने कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतील. या मागण्या वॉर्ड ऑफिसात लेखी द्यायच्या असतात, सह्यांनिशी, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊन त्यांचे काय झाले ते विचारायचे असते. आमच्या भागातल्या शाळेच्या मैदानाचा अर्ज आम्ही दिला आहे.