ज्यांना बालपणी कुणी जपले नाही, त्यांच्यासाठी



वंदनेनंतर आपण करणीय मेत्त सुत्त म्हणतो. आई आपल्या एकुलत्या लेकराला जिवापलीकडे जपते, तसे अमर्याद मन सर्व प्राणिमात्रांविषयी वाढवावे, असा त्यातील एका गाथेचा अर्थ आहे. ती म्हणताना बहुतेकांना स्वतःची आई आठवते. पण आपल्यात असेही उपासक बसलेले असतात, ज्यांना त्या क्षणी विझलेली चूल आठवते, दारू पिऊन पडलेला बाप आठवतो, तापाने फणफणत एकट्याने काढलेली रात्र आठवते. आजची देसना त्यांच्यासाठी आहे.

आपल्या समाजात हे दुःख बोलून दाखवणे सोपे नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आईवडिलांनी गिरणीत, शेतात, वीटभट्टीवर हाडांची काडे केली. भाकरीसाठी दिवसभर घराबाहेर राहणारी आई लेकराकडे दुर्लक्ष करत नव्हती, त्याच्यासाठीच राबत होती. पण काही घरांत कष्टाबरोबर, आणि काही घरांत सगळे असूनही, लेकराकडे बघणारेच कुणी नव्हते. असे मूल मोठेपणीही गप्प राहते. बोललो तर आईबापांची आणि समाजाची बदनामी होईल, असे त्याला वाटते. जयंतीच्या भाषणात सुभेदार रामजींचा त्याग ऐकताना सभागृह भारावते, आणि त्याच्या मनात येते, ‘माझ्यामागे कोण उभे होते?’ हा प्रश्न मनात येणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे.

अशा माणसाला कुणीतरी हमखास सांगते, ‘तुझे मागच्या जन्मीचे भोग!’ हे धम्मवचन नाही. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात तथागतांनी हे मत स्पष्ट शब्दांत खोडून काढले आहे. माणूस जे जे भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे मानले तर काय करावे आणि काय करू नये याचा विचार आणि प्रयत्न दोन्ही संपतात, असे त्यांचे म्हणणे आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनीही पूर्वकर्माच्या सिद्धांतावर हाच घाव घातला. दुबळ्यांच्या दुःखाची जबाबदारी समाजाने झटकावी, एवढाच त्या सिद्धांताचा उपयोग होतो, हे त्यांनी दाखवून दिले. जे समाजाला लागू, तेच घरालाही लागू. पाच वर्षांचे लेकरू उपाशी झोपले, तर तो त्या लेकराच्या कर्माचा हिशेब नसतो. जपण्याची जबाबदारी मोठ्यांची होती.

‘पण आईवडिलांचे ऋण फिटत नाही, असेही बुद्धच सांगतात ना?’ होय. आईला एका खांद्यावर आणि वडिलांना दुसऱ्या खांद्यावर घेऊन शंभर वर्षे सेवा केली, तरी ते ऋण फिटत नाही, असे अंगुत्तर निकायात आहे. पण आपण बऱ्याचदा तिथेच थांबतो. पुढे तथागत सांगतात की, श्रद्धा नसलेल्या आईवडिलांना श्रद्धेत, शील नसलेल्यांना शीलात, कंजूष असलेल्यांना दानात आणि प्रज्ञाहीनांना प्रज्ञेत जो स्थिर करतो, तोच ते ऋण फेडतो. म्हणजे आईवडील शीलाविना असू शकतात, हे बुद्धांनी गृहीत धरलेले आहे. त्यांच्या चुकीला चूक म्हणणे हा धम्मद्रोह नव्हे. त्यामुळे दर महिन्याला इथून पाठवलेला पैसा जर गुत्त्यावर जात असेल, तर तो तसाच पाठवत राहणे ही मातृपितृसेवा नाही. त्याऐवजी दुकानदाराकडे परस्पर किराण्याचे आणि औषधांचे पैसे भरणे, व्यसनमुक्तीच्या उपचारांचा खर्च उचलणे ही सेवा आहे.

आता जीवकाची कथा पाहू. विनयपिटकाच्या महावग्गात ती आली आहे. राजगृहातील गणिका सालवतीने आपले नवजात बाळ जुन्या सुपात घालून दासीकरवी उकिरड्यावर टाकायला लावले. राजपुत्र अभय तिथून जात होता. कावळ्यांनी काहीतरी वेढलेले त्याला दिसले. ‘मूल आहे’ असे कळताच त्याने विचारले, ते जिवंत आहे का? उत्तर आले, जिवंत आहे. म्हणून त्याचे नाव जीवक पडले आणि राजकुमाराने सांभाळले म्हणून कोमारभच्च.

मोठा झाल्यावर जीवकाने अभयाला आपल्या आईवडिलांविषयी विचारले. अभयाने खरे ते सांगितले की, तुझी आई मला ठाऊक नाही, पण मी तुला वाढवले, म्हणून मी तुझा पिता. पुढे जीवक तक्षशिलेला जाऊन सात वर्षे वैद्यक शिकला. परतताना साकेतात त्याने एका श्रेष्ठीच्या पत्नीचा सात वर्षांचा आजार बरा केला आणि त्याला सोळा हजार कार्षापण मिळाले. ही पहिली कमाई त्याने अभयापुढे ठेवली आणि पालनपोषणाचे मोल म्हणून ती स्वीकारण्याची विनंती केली. अभयाने ती त्यालाच परत दिली. पुढे जीवक राजा बिंबिसाराचा, बुद्धांचा आणि भिक्खूसंघाचा वैद्य झाला.

या कथेत जीवक सालवतीचा सूड घेत नाही आणि तिचे गोडवेही गात नाही. त्याची कृतज्ञता जिथे पोसला गेला तिथे वळते. आपणही आपला अभय कोण, हे आठवावे. एखादी आजी असेल, वसतिगृहाचे अधीक्षक असतील, वही-पेन्सिल देणाऱ्या शिक्षिका असतील, शेजारची काकू असेल. बाबासाहेबांची आई लहानपणीच गेली, तेव्हा मीरा आत्याने त्यांना सांभाळले. आपल्याला सांभाळणारी ती व्यक्ती हयात असेल तर या आठवड्यात तिला फोन करा.

मग आईवडिलांना क्षमा कधी करायची? इथे घाई नको. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात मैत्रीभावनेचा क्रम दिला आहे. आधी स्वतः, मग आदरणीय व्यक्ती, मग जिवलग मित्र, मग तटस्थ व्यक्ती आणि सर्वांत शेवटी ज्याच्याविषयी वैर वाटते तो. जखम देणाऱ्यापासून सुरुवात करू नये, असेच ते सांगतात. म्हणून रोज दहा मिनिटे बसा आणि त्या एकट्या पडलेल्या लहानग्याला, म्हणजे स्वतःलाच, मैत्री द्या. वर्ष लागले तरी चालेल. आईवडिलांची पाळी येईल तेव्हा त्यांच्या उपेक्षेमागची कारणेही दिसू लागतील. कधी दारिद्र्य, कधी व्यसन, कधी त्यांचेच कुणी न जपलेले बालपण. कारण समजणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. पण कारण दिसले की द्वेषाची पकड सैल होते आणि आपण मोकळे होतो.

जुनी जखम झोप, काम, संसार बिघडवत असेल तर उपचार घ्या. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या टॉकिंग थेरपीजसाठी प्रौढांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येते आणि दुभाष्याची सोय मागता येते. ब्रिटनमधील १९ वर्षांखालील मुलांसाठी चाइल्डलाइनचा ०८०० ११११ हा मोफत क्रमांक आहे. जीवक वैद्यावर श्रद्धा असणाऱ्यांनी मनाच्या वैद्याकडे जायला लाजू नये.

शेवटी आपल्या घराकडे पाहू. सिगालोवाद सुत्तात मुलांच्या कर्तव्यांबरोबर आईवडिलांचीही पाच कर्तव्ये सांगितली आहेत. मुलांना वाइटापासून आवरणे, चांगल्याकडे वळवणे, विद्या-कला शिकवणे, योग्य जोडीदार मिळवून देणे आणि वेळेवर वारसा सोपवणे. इथे दोन पाळ्यांची नोकरी करून घरी आल्यावर आपण हातात मोबाइल घेतो. मूल शेजारीच असते, पण त्याच्याकडे आपले लक्ष नसते. रोज अर्धा तास तरी मोबाइल बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसा आणि त्याचे ऐका.

मेत्त सुत्तातील ती गाथा, प्रत्येकाला तशी आई मिळाली, असे सांगत नाही. तसे मन कसे घडवावे, हे ती सांगते. ज्यांना ती माया मिळाली नाही, त्यांनाही ती दुसऱ्याला देता येते, आणि असे जपलेले एकही लेकरू त्या उपेक्षेची साखळी तोडायला पुरेसे आहे.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम.