हिरव्या दिव्याचा सातबारा

आपल्या पूर्वजांनी वाटण्या फार बारकाईने केल्या. बांध कुणाचा, आंबा कुणाच्या हद्दीत, विहिरीवर पाळी कुणाची कोणत्या वारी, सगळं ठरलेलं. एका विहिरीत चार भावांचे चार-चार आणे हिस्से असायचे आणि त्या चार आण्यांसाठी पुढच्या पिढ्या कोर्टाचे जिने झिजवायच्या. इतक्या व्यवहारी माणसांच्या देशात, चौकातला हिरवा दिवा कुणाच्या नावावर आहे हे कुणीच विचारू नये, याचं मला नवल वाटतं.

तुम्ही म्हणाल, दिव्याची कसली आलीय वाटणी? तर हिशेब ऐका. चार रस्त्यांचा चौक घ्या. दिव्यांचा एक फेरा दोन मिनिटांचा धरा. म्हणजे प्रत्येक रस्त्याच्या वाट्याला 30 सेकंद. त्यातले चार सेकंद पहिली मोटार जागची हलेपर्यंत आणि शेवटी पिवळ्याचा लाल होईपर्यंत फुकट जातात. उरले 26. एका रांगेतून साधारण दोन सेकंदांना एक मोटार सुटते, म्हणजे एका फेऱ्यात 13. तासात 30 फेरे, म्हणजे 390. झालं! एका रांगेची कुवत एवढीच. ती वशिल्याने वाढत नाही, आणि हॉर्नने तर मुळीच नाही.

त्यातून भरत आलेल्या चौकाचा स्वभावही विचित्र. ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतल्या वेबस्टरसाहेबांनी 1958 साली सिग्नलपाशी किती खोळंबा होतो याचं सूत्र मांडलं. त्याचा मथितार्थ आपल्याला दोन खोल्यांच्या संसारातून आधीच ठाऊक आहे. दोन पाहुण्यांचे तीन झाले तर कळतही नाही. पण घर गच्च भरल्यावर आणखी एक आला, की न्हाणीघरापुढची रांग थेट जिन्यात जाते. चौक अर्धा रिकामा असताना दहा मोटारी वाढल्या तर कुणाला पत्ता लागत नाही. काठोकाठ भरत आल्यावर त्याच दहा मोटारी रांगेचं शेपूट मागच्या चौकापर्यंत नेऊन पोचवतात.

आता अशा चौकाजवळ 400 फ्लॅटांची योजना येते. जाहिरातीत पोहण्याचा तलाव असतो, बाग असते, हसणारं कुटुंब असतं. सकाळच्या एका तासात निम्म्या घरांनी मोटार काढली तरी 200 झाल्या, म्हणजे एका रांगेच्या हिरव्या दिव्यातले आठ आण्यांहून जास्त! हा हिस्सा फ्लॅटबरोबर विकला जातो, पण खरेदीखतात त्याचा उल्लेख नसतो. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत एफ.एस.आय. किती मिळणार हे प्लॉटपुढच्या रस्त्याच्या रुंदीशी जोडलेलं आहे. रस्ता रुंद, तर इमारत उंच. ठीक आहे. पण रस्ता कितीही रुंद असला तरी शेवटी चौकालाच जाऊन मिळतो. सुरईचं पोट मोजून पाणी किती वेगाने ओतता येईल हे ठरवण्यातला हा प्रकार. मान कोण मोजणार?

'मग पूल बांधा की!' असं कुणीतरी म्हणतंच. पुण्याच्या विद्यापीठ चौकात पूल होते. औंध, बाणेर, पाषाणकडची सारी गर्दी तिथे एकत्र होते. 2020 साली ते पाडले आणि मेट्रोसाठी दुमजली पुलाचं काम हाती घेतलं. पुलाने एक चौक सुटतो हे खरं, पण तिथली गर्दी पुष्कळदा पुढच्या चौकाला दत्तक जाते.

आमच्या सोसायटीने समोर होणाऱ्या बारा मजली इमारतीविरुद्ध हरकतीचा अर्ज लिहिला. मजकूर जळजळीत होता : चौकाची क्षमता संपली आहे, यापुढे एकही घर नको. सह्या चालू असताना चिटणिसांचा भाचा हळूच म्हणाला, "मामा, त्यात सातव्या मजल्यावर मी बुकिंग केलंय."

"अरे, मग जरा लांब घे. तिकडे रस्ते मोकळे आहेत."

"घेतो की. पण ऑफिसला याच चौकातून येणार!"

सभेत शांतता पसरली. सुदैवाने तेवढ्यात चहा आला.

भाच्याने चहाच्या आधी जे सांगितलं, ते कळायला अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याला बरीच वर्षं लागली. तिथल्या 1985 च्या कायद्याने रस्त्यांची कुवत पुरेशी असेल तरच नव्या बांधकामाला परवानगी, असं ठरवलं. ऐकायला किती शहाणपणाचं! पण रस्ते भरलेले होते शहराच्या आत आणि मोकळे होते बाहेर. म्हणून बांधकामं बाहेर सरकू लागली आणि माणसं आणखी लांबून मोटारी हाकू लागली. 2011 साली रस्त्यांपुरती ती सक्ती राज्याने उठवली.

इथे प्रश्न इंजिनियरांच्या हातून निसटतो आणि आपल्या गळ्यात येऊन पडतो. रांगेतली शेवटची मोटार गुन्हेगार आणि पहिली सोवळी, हा कुठला न्याय? जागा दोघी सारखीच अडवतात. आपण आधी आलो, कबूल. पण आधी येणं हे पुण्य नव्हे, ती नुसती तारीख आहे. आमच्या सोसायटीच्या जागी पूर्वी ज्वारी डुलायची. तिला हरकतीचा अर्ज लिहिता येत नव्हता, एवढंच. बरं, उदार होऊन सगळ्यांनाच 'या' म्हणावं, तर भाच्याला चौक मिळत नाही, नुसती रांग मिळते. आणि कुणाच्या तरी बापाला दवाखान्यात नेणारी गाडीही त्याच रांगेत अडकते.

म्हणून मला वाटतं, आपण भांडतो आहोत घरांशी, आणि चौक भरतो आहे मोटारींनी. त्या 13 मोटारींत डोकावून पाहा. बहुतेकींत एकच माणूस, तोही वैतागलेला. एक बस दोन-तीन मोटारींची जागा खाते आणि पन्नास माणसं पलीकडे नेते. हिरव्या दिव्याचा सातबारा मोटारींच्या नावाने न काढता माणसांच्या नावाने काढला, तर भाच्याला चौकात जागा आहे. त्याच्या मोटारीला नाही. मामांच्या मोटारीलाही नाही. मामांना यातलं शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं पटतं.

मी सुचवलं, अर्जात एक ओळ वाढवावी : 'नव्या इमारतीने जेवढ्या मोटारी कमी कराव्यात असं आमचं म्हणणं आहे, तेवढ्याच आम्हीही कमी करू.' सूचना सर्वांना फार आवडली. ती एकमताने पुढच्या सभेपुढे ठेवण्यात आली आहे.