मिताहार कोणाचा?

एकोणिसाव्या शतकात उत्तर इंग्लंडमधील खाणकामगार आणि गिरणीकामगार आपल्या व्हिपेट कुत्र्यांच्या शर्यती लावीत, तेव्हा हलक्या कुत्र्यास भारी कुत्र्यापुढे काही अंतराची सवलत मिळत असल्यामुळे, तराजू हाच त्या शर्यतीचा पहिला मुनसफ असे. या जातीच्या निरोगी प्राण्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या सहज दिसाव्यात, हीच त्याची स्वाभाविक प्रकृती; परंतु हाडांची वाढ पुरी न झालेल्या कोवळ्या पिलास लठ्ठ करणे हा जसा त्याच्या सांध्यांवर जुलूम, तसेच सवलतीच्या लोभाने त्यास अर्धपोटी ठेवणे हाही अन्यायच होय.

येथे एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो. गीतेने आणि बुद्धाने उपदेशिलेला मिताहार साधकाच्या स्वेच्छेतून उगवतो, मुक्या जीवाचा संयम मात्र धन्याच्या हुकुमाने चालतो. मग ज्यास नाकारण्याचा अखत्यारच नाही, त्याच्या उपवासास तप कसे म्हणावे? मला वाटते, येथे व्रत असलेच तर ते वाडगे भरणाऱ्याचे आहे. आणि आपल्या हौसेचे वजन त्या जिवावर न लादता, त्याच्या देहाला अमानत मानून रोजचा घास मोजणे, हाच त्या व्रताचा आचार.